वडीलजनांची घडण : प्रेस्बिटेरियन मंडळींचा साडेचारशे वर्षांचा अनुभव

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. भर पावसाळ्यात, रात्री अकराच्या सुमारास, आमच्या धर्मग्रामाच्या अगदी टोकाच्या आळीतून निरोप आला. एक वृद्ध गृहस्थ अत्यवस्थ होते. वाटेतला ओढा भरून वाहत होता, त्यामुळे वळसा घालून जावे लागले आणि आम्हांला पोहोचावयास तासाहून अधिक वेळ लागला. घरात शिरलो तेव्हा शेजारचे एक निवृत्त एस. टी. कंडक्टर रुग्णाच्या उशाशी बसलेले दिसले. रुग्णाचा हात हातात धरून ते हलक्या आवाजात प्रार्थना म्हणत होते. मध्येच थांबून ते सुनेला धीर देत होते, मुलाला दूरच्या नातेवाइकांना कळवावयास सांगत होते. रुग्णाच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. आम्ही तैलाभ्यंगाचा संस्कार दिला. पहाटे निघताना त्या गृहस्थांना विचारले, "हे सारे तुम्हांला कोणी शिकवले?" ते म्हणाले, "कोणी नाही, फादर. लहानपणी आजी करायची ते बघितलं होतं."

त्यांचे आम्हांला कौतुक वाटले. परतीच्या वाटेवर मात्र मनाला खंत लागून राहिली. त्या धर्मग्रामात येऊन आम्हांला सहा वर्षे झाली होती. या सहा वर्षांत आम्ही या माणसाकडे सणाच्या मंडपाचे व खुर्च्यांचे काम तेवढे सोपवले होते. त्यांच्या ठायी असलेले सामर्थ्य आम्ही पाहिले नव्हते. मग ते घडवण्याचा प्रश्नच कोठून येणार?

त्या रात्रीनंतर आम्ही एका विषयाच्या मागे लागलो. प्रपंचात राहणाऱ्या, पोटापाण्याचा व्यवसाय करणाऱ्या श्रद्धावंतांच्या हाती आत्म्यांची काळजी सोपवण्याचा प्रयोग ख्रिस्ती इतिहासात कोणी सातत्याने केला आहे काय? आणि केला असल्यास त्या माणसांना तयार कसे केले? या शोधात आम्ही आपल्या विभक्त बांधवांपैकी एका परंपरेपाशी, म्हणजे प्रेस्बिटेरियन मंडळींपाशी, येऊन थांबलो. सेमिनरीत असताना कॅल्विन आमच्या वाट्याला आला तो वादाचा विषय म्हणून. या वेळी आम्ही त्या परंपरेकडे विद्यार्थ्याच्या नजरेने पाहिले. जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

एका शब्दाच्या दोन वाटा

प्रथम शब्दाविषयी थोडेसे. नव्या करारात 'प्रेस्बितेरोस' हा ग्रीक शब्द येतो. त्याचा साधा अर्थ वडीलधारा माणूस. याच शब्दावरून इंग्रजीत धर्मगुरूसाठी रूढ झालेला 'प्रीस्ट' हा शब्द आला आणि याच शब्दावरून 'प्रेस्बिटेरियन' हे नावही आले. एका मुळाच्या या दोन वाटा होत. आपल्या परंपरेत हा वडील धर्मगुरुदीक्षेच्या वाटेने वेदीपाशी पोहोचला. प्रेस्बिटेरियन परंपरेने त्याचे दोन प्रकार मानले : वचनाचा उपदेश करणारा व संस्कार देणारा पाळक, आणि मंडळीची देखरेख करणारा वडील. पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात चांगला अधिकार चालवणाऱ्या वडिलांचा आणि त्यांतही उपदेश व शिक्षण यांसाठी श्रम घेणाऱ्यांचा उल्लेख आहे. त्या वचनाचा आधार ही परंपरा घेते.

येथे एक खुलासा केला पाहिजे. आपण ज्यांना 'प्रापंचिक' म्हणू, तो प्रेस्बिटेरियन वडील त्यांच्या दृष्टीने निव्वळ प्रापंचिक नसतो. मंडळी त्याची निवड करते, त्याला विधिपूर्वक पदावर नेमले जाते, आणि अनेक ठिकाणी हे नेमणे हस्तारोपणाने होते. तथापि तो सुतार असेल तर सुतारच राहतो, शिक्षक असेल तर शाळेत शिकवीत राहतो. त्याला वेतन नसते. दीक्षा आणि संस्कार यांविषयीची आपली श्रद्धा वेगळी आहे आणि ती तशीच राहील. आमचा प्रश्न तेवढ्यापुरताच नाही. घरदार चालवणारा माणूस इतरांच्या आत्मिक काळजीस योग्य कसा होतो, हा तो प्रश्न आहे.

जिनिव्हा : पद आले, शाळा आली नाही

इ. स. १५४१ मध्ये जॉन कॅल्विन जिनिव्हा नगरीत परतला आणि त्याच वर्षी तेथील मंडळीची नियमावली मंजूर झाली. तिच्यात चार सेवापदे सांगितली आहेत : पाळक, शिक्षक, वडील आणि सेवक. सेवकांकडे दानधर्माचा हिशेब आणि रुग्ण व गरीब यांची शुश्रूषा होती. वडील बारा असत. त्यांतले दोघे नगराच्या लहान सभेतून, चौघे साठ जणांच्या सभेतून व सहा जण दोनशेंच्या सभेतून निवडले जात. नगराच्या प्रत्येक भागात कोणी तरी वडील असावा, म्हणजे सर्वत्र लक्ष राहील, अशी योजना होती. हे वडील व पाळक मिळून दर गुरुवारी जी सभा भरे, तिला 'कॉन्सिस्टरी' म्हणत. भांडलेली भावंडे, बायकोला मारहाण करणारा नवरा, प्रार्थना पाठ नसलेली म्हातारी, जुगारी, सर्वांना तेथे बोलावणे येई.

हे वडील मूळचे नगराचे कारभारी होते. त्यांना रुग्णाशी कसे बोलावे, दुःखिताचे कसे ऐकावे हे कोणी शिकवले नव्हते. पाळकांच्या शेजारी बसून, एकामागून एक प्रकरणे ऐकून ते जे शिकले तेवढीच त्यांची शाळा. सभेत समेट पुष्कळ होत, हे खरे. परंतु न्यायासनाची सवय लागलेल्या माणसाच्या हाती मेंढपाळाची काठी दिली, तर तिची छडी व्हावयास वेळ लागत नाही. ही जोखीम पुढे स्कॉटलंडमध्ये स्पष्ट दिसली.

स्कॉटलंड : वाचक, वडील आणि शिशाचे बिल्ले

जॉन नॉक्स हा जिनिव्हा पाहून स्वदेशी आला होता. १५६० साली स्कॉटलंडच्या संसदेने सुधारणावादी श्रद्धापत्र स्वीकारले, त्या वेळी नव्या मंडळीपुढे आजही ओळखीची वाटावी अशी अडचण उभी होती. धर्मग्रामे हजाराच्या घरात आणि शिकलेले पाळक अगदी मोजके. त्याच सुमारास तयार झालेल्या पहिल्या शिस्तग्रंथात या अडचणीवर व्यावहारिक तोडगा सुचवला आहे. जेथे पाळक नाही तेथे 'वाचक' नेमावा. त्याने लोकांपुढे प्रार्थना व शास्त्रपाठ स्पष्टपणे वाचावेत. वाचता वाचता त्याची समज वाढली तर त्याने चार शब्द बोधाचे बोलावेत आणि योग्यता सिद्ध झाल्यास पुढे पाळक व्हावे. म्हणजे जबाबदारीची एक शिडी होती आणि पायरी पायरीने चढण्याची सोय होती.

या शिडीला आधार म्हणून त्याच ग्रंथात आठवड्याच्या 'अभ्यासा'ची योजना आहे. ज्या गावात विद्यालय व विद्वान असतील तेथे आठवड्यातून एकदा जमावे, आसपासच्या सहा मैलांतील पाळकांनी व वाचकांनी तेथे यावे, एकाने शास्त्रातील उताऱ्याचे विवरण करावे, दुसऱ्याने भर घालावी, मग इतरांनी चुका दाखवाव्यात. अशा बैठकांचाच पुढे 'प्रेस्बिटरी' या प्रादेशिक सभेच्या घडणीत मोठा वाटा होता. आज ज्या सभेला आपण प्रशासनाची सभा समजतो, तिची एक मुळी अभ्यासवर्गात आहे, ही बाब आम्हांला फार महत्त्वाची वाटते.

वडिलांची निवड प्रथम दर वर्षी होई. १५७८ च्या दुसऱ्या शिस्तग्रंथाने हे पद आजन्म मानले. पहिल्या ग्रंथात आणखी एक तरतूद आहे, ती वाचताना आम्ही जरा सावरून बसलो. वडिलांनी पाळकाच्या वागणुकीवर, कष्टाळूपणावर व अभ्यासावरही लक्ष ठेवावे आणि गरज पडल्यास त्याला समज द्यावी, असे तेथे सांगितले आहे.

वडिलाकडे ठरावीक घरे सोपवलेली असत. प्रभुभोजनाच्या आधी घरोघरी जाऊन, लोकांची श्रद्धेची जाण व परस्परांतील समेट पाहून, मग योग्य त्यांना शिशाचे छोटे बिल्ले दिले जात. हा बिल्ला असेल त्यालाच प्रभूच्या मेजापाशी जागा. त्या निमित्ताने का होईना, घराचा उंबरठा ओलांडला जाई.

परंतु काळ लोटला तसे या पदाचे रूप पालटले. वडीलसभांच्या जुन्या वह्यांत व्यभिचार, शब्बाथभंग, मद्यपान यांच्या चौकशा ओळीने येतात. अपराध्याला रविवारी सर्वांसमक्ष पश्चात्तापाच्या चौरंगावर बसवीत. स्कॉटलंडचा लोककवी रॉबर्ट बर्न्स हाही अशा शासनातून सुटला नाही. त्याने १७८५ च्या सुमारास एका ढोंगी वडिलाच्या तोंडी प्रार्थना घालून जे उपहासकाव्य रचले, ते आजही त्या देशात सर्वतोमुखी आहे. पद टिकले होते, पण पदावरच्या माणसाची आंतरिक घडण थांबली होती. अशा पदाचे पुढे हसे होते.

ग्लासगोचे पंचवीस विभाग

या निर्जीव झालेल्या पदात पुन्हा प्राण ओतण्याचा मोठा यत्न थॉमस चामर्स यांनी केला. यंत्रयुगाच्या आरंभी ग्लासगो शहर विणकर व गिरणी-कामगारांनी फुगत चालले होते. १८१९ ते १८२३ या काळात चामर्स तेथील सेंट जॉन धर्मग्रामाचे पाळक होते. लोकवस्ती दहा हजारांच्या आसपास. त्यांनी धर्मग्रामाचे पंचवीस विभाग पाडले आणि प्रत्येक विभागावर एक वडील व एक सेवक नेमला. वडिलाने आत्मिक काळजी वाहावी, सेवकाने गरिबांची. मुलांच्या रविवारच्या शाळाही विभागवार काढल्या.

चामर्स यांची शिकवण्याची रीत साधी होती. माणसाला सारे शहर दिले तर तो गोंधळतो. चार गल्ल्या दिल्या, तर तो त्या गल्ल्यांतील माणसे नावानिशी ओळखू लागतो. ओळख झाली की काय करावे हे बरेचसे परिस्थितीच शिकवते. पूर्वीचे वडील वयस्कर होते आणि त्यांचे काम प्रभुभोजनाच्या वेळी मदत करण्यापुरते उरले होते. त्यांच्या जोडीला तरुण, उमेदीची माणसे आली.

या प्रयोगाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. गरीब कुटुंबाला मदत देण्यापूर्वी त्याचे नातेवाईक व शेजारी काय करू शकतात हे सेवकाने तपासावे, असा चामर्स यांचा आग्रह होता. हे तपासणे अनेकांना कठोर वाटले. १८३७ मध्ये सेंट जॉनची ही व्यवस्था बंद पडली. तरी तिच्यात घडलेल्या माणसांचे मोल पुढे दिसले. १८४३ साली राज्यसत्तेचा हस्तक्षेप नको म्हणून साडेचारशेहून अधिक पाळक प्रस्थापित मंडळीतून बाहेर पडले, तेव्हा त्यांची घरे, वेतन, मंदिरे सारे गेले. नव्या 'फ्री चर्च'चे पहिले अध्यक्ष चामर्स होते. गावोगावी घरोघर फिरून निधी गोळा करणारे वडील व सेवक नसते, तर ही मंडळी उभी राहिली नसती.

या घटनेचे पडसाद आपल्या महाराष्ट्रातही उमटले. १८२९ पासून मुंबईत असलेले डॉ. जॉन विल्सन व त्यांचे सहकारी फ्री चर्चमध्ये गेले. त्याच १८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री यांचा बाप्तिस्मा झाला. १८५४ साली ते फ्री चर्चचे दीक्षित पाळक झाले आणि पुढे जालन्याजवळ त्यांनी 'बेथेल' ही ख्रिस्ती वसाहत उभी केली. दक्षिणेकडे कोल्हापुरात १८५२ साली रॉयल वाइल्डर आले, आणि ते कार्य पुढे अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनकडे आले. मिरजेचे प्रख्यात रुग्णालय उभारणारे डॉ. विल्यम वॉन्लेस याच मिशनचे. महाराष्ट्रातील प्रॉटेस्टंट मंडळींत 'मंडळीचे वडील' हा शब्द घरोघरी रुळला, त्यामागे या परंपरेचा मोठा वाटा आहे. १९७० साली नागपुरात उत्तर भारतीय मंडळी स्थापन झाली, तेव्हा एकत्र आलेल्या मंडळींत ही परंपराही होती.

कोरिया : आधी अभ्यास, मग पद

आता आम्ही या इतिहासातील सर्वांत बोलक्या प्रकरणाकडे वळतो. कोरियाचे नाव घेताच कॅथलिक वाचकाला आपल्या ख्रिस्तसभेचे एक आश्चर्य आठवेल. तेथे श्रद्धेचे बीज धर्मगुरूंनी पेरले नाही. चीनमधून आलेले ग्रंथ वाचून काही विद्वान एकत्र जमले. त्यांतील यी सुंग-हुन याने १७८४ साली बीजिंगला जाऊन स्नानसंस्कार घेतला आणि परत येऊन इतरांना दिला. पहिले धर्मगुरू, चीनचे फादर झोउ वेनमो, तेथे पोहोचले ते दहा वर्षांनी. तोवर तेथे हजारो श्रद्धावंत होते. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८४ साली सोल येथे ज्या १०३ हुतात्म्यांना संतपद बहाल केले, त्यांतील ९२ प्रापंचिक आहेत.

त्यानंतर शंभर वर्षांनी प्रेस्बिटेरियनांच्या बाबतीतही काहीसे असेच घडले. मांचुरियात काम करणारे स्कॉटिश मिशनरी जॉन रॉस यांनी कोरियन सहकाऱ्यांच्या मदतीने लूकचे शुभवर्तमान १८८२ साली कोरियन भाषेत छापले. त्या सहकाऱ्यांपैकी सो सांग-युन हा पुस्तके घेऊन मायदेशी आला. सोरे या गावात मिशनरी पोहोचण्यापूर्वीच श्रद्धावंतांचा मेळ जमला होता. १८८५ मध्ये होरेस अंडरवुड सोलला आले. ते व त्यांचे सहकारी वयाने तरुण व अननुभवी होते. म्हणून १८९० साली त्यांनी चीनच्या शान्तुंग प्रांतातून जॉन नेव्हियस या ज्येष्ठ मिशनऱ्यास बोलावले. नेव्हियस दोन आठवडे राहिले. या दोन आठवड्यांच्या संवादातून जी पद्धत ठरली, ती पुढे त्यांच्याच नावाने ओळखली गेली.

तिचे सूत्र पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातील सातव्या अध्यायातून घेतलेले होते : ज्या स्थितीत पाचारण झाले त्या स्थितीतच माणसाने राहावे. श्रद्धा स्वीकारलेल्या हुशार शेतकऱ्याला मिशनने पगारी नोकर करू नये. त्याने शेती करावी आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांत साक्ष द्यावी. गावच्या मेळ्याचा 'पुढारी' बिनपगारी असावा. अनेक गावांतून फिरणाऱ्या 'मदतनिसा'चा खर्च शक्यतो कोरियन श्रद्धावंतांनीच उचलावा. मंदिर बांधावयाचे तर आपल्या पैशाने, आपल्या पद्धतीचे बांधावे.

परंतु नुसते स्वावलंबन हे या पद्धतीचे हृदय नव्हते. तिचे हृदय होते बायबलचे वर्ग. शेतीची कामे उरकली, हिवाळा लागला, की माणसे पाठीवर तांदूळ बांधून, कित्येक मैल चालत, स्वतःच्या खर्चाने केंद्रस्थानी येत. दहा ते चौदा दिवस वर्ग चाले. सकाळी अभ्यास, दुपारी गावात जाऊन साक्ष देणे, रात्री सभा. शिकलेले ते आपल्या गावी जाऊन लहान वर्ग घेत. जे धान्य वा पैसा देऊ शकत नसत, ते सेवेचे 'दिवस' अर्पण करीत : अमुक दिवस मी शुभवार्तेसाठी देईन. साक्षरतेचाही येथे मोठा लाभ झाला. विद्वानांनी हलकी मानलेली हंगुल ही सोपी कोरियन लिपी बायबल वाचण्यासाठी स्त्रिया व शेतकरी शिकले.

जिनिव्हात आधी पद आले आणि शिक्षण मागाहून, तेही अपुरे. कोरियात क्रम उलटा झाला. वर्गात माणसे कळली; कोण ऐकतो, कोण समजावू शकतो, कोणाचा शब्द गावात चालतो ते दिसले; आणि त्यांतून पुढारी, मदतनीस, वडील व अखेर पाळक निवडले गेले. १९०१ साली सॅम्युअल मॉफेट यांनी प्याँगयांग येथे पाळकांची शाळा काढली. १९०७ मध्ये तेथून पहिले सात जण बाहेर पडून दीक्षित झाले. हे सातही जण वर्षानुवर्षे मंडळीत राबलेले होते.

त्याच वर्षीच्या जानेवारीत प्याँगयांगला भरलेला पुरुषांचा वर्ग इतिहासात प्रसिद्ध आहे. रात्रीच्या सभांना सुमारे दीड हजार लोक जमत. तेथे किल सन-जू या वडिलांनी उभे राहून सर्वांसमक्ष कबूल केले की एका मृत मित्राच्या मालमत्तेची व्यवस्था पाहताना आपण त्यातील पैसे ठेवून घेतले. पुढाऱ्याने प्रथम स्वतःचे पाप सांगितल्यावर इतरांची तोंडे उघडली. बर्न्सच्या ढोंगी वडिलाशेजारी या वडिलांना उभे करून पाहावे! सात पहिल्या पाळकांत हे किल होते आणि १९१९ च्या स्वातंत्र्यघोषणेवर ज्या ३३ जणांची नावे आहेत त्यांतही ते आहेत.

१९१२ साली कोरियन मंडळीची महासभा स्थापन झाली. तिने आपले तीन मिशनरी परदेशी धाडावयाचे ठरवले. १९१३ मध्ये ते गेले ते चीनच्या शान्तुंग प्रांतात, जेथून नेव्हियस आले होते.

यश सारे पद्धतीचे होते असे मात्र म्हणता येणार नाही. खुद्द चीनमध्ये तिला असे पीक आले नाही. १८९४-९५ च्या युद्धाने हादरलेला व १९१० मध्ये स्वातंत्र्य गमावलेला कोरिया आधार शोधत होता, हेही खरे. शिवाय आरंभीच्या मिशनऱ्यांनी कोरियन पाळकांना उच्च शिक्षणासाठी परदेशी पाठवणे टाळले. ते आपल्या लोकांपेक्षा थोडेसेच पुढे असावेत, असे त्यांचे धोरण होते. या धोरणावर पुढे रास्त टीका झाली. १९३८ साली जपानी पोलिसांच्या दडपणाखाली महासभेने शिंतो देवस्थानापुढे वाकण्यास मान्यता दिली. या प्रसंगी त्यांच्यावर दगड उचलण्याचा अधिकार आपल्याला नाही. हे वाकणे केवळ नागरी सन्मान आहे असे मानून रोमनेही १९३६ साली कॅथलिकांना परवानगी दिली होती. ज्यांनी नकार दिला त्यांतले पाळक चू की-चोल १९४४ साली तुरुंगात मरण पावले.

मिझोरामचे 'उपा'

आपल्या देशात या परंपरेचे जिवंत रूप पाहावयाचे तर ईशान्येकडे पाहावे. वेल्सच्या प्रेस्बिटेरियन मिशनचे कार्य खासी टेकड्यांत १८४१ साली आणि मिझो टेकड्यांत १८९७ साली सुरू झाले. मिझो भाषेत मंडळीच्या वडिलास 'उपा' म्हणतात. एका पाळकाकडे अनेक स्थानिक मंडळ्या असतात. त्यामुळे रविवारचा उपदेश, आजाऱ्याच्या घरची भेट, मृताच्या घरी बसणे हे बहुतांशी उपा व इतर श्रद्धावंतांकडे येते. रविवारची शाळा तेथे केवळ मुलांची नसते, प्रौढही आयुष्यभर वर्गात बसतात. प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ मंडळीसाठी बाजूला काढण्याची चाल स्त्रियांनी चालू ठेवली. कोरियातील वर्गाचे व दानाचे तत्त्व येथे वेगळ्या मार्गाने, पण तितकेच घट्ट रुजलेले दिसते.

विसाव्या शतकातील भर आणि उणीव

शास्त्राचे ज्ञान असले म्हणजे दुःखिताशी बोलता येतेच असे नाही, ही जाणीव विसाव्या शतकात वाढली. अमेरिकेत अँटन बॉइसन हे स्वतः मानसिक आजारातून गेलेले पाळक होते. १९२५ साली त्यांनी एका मनोरुग्णालयात ईश्वरविद्येच्या विद्यार्थ्यांना रुग्णांजवळ बसवून शिकवावयास प्रारंभ केला. १९७५ साली सेंट लुईस येथे एका ल्युथरन पाळकाने सुरू केलेली 'स्टीफन मिनिस्ट्री' ही याच विचाराची पुढची पायरी. तिच्यात सर्वसामान्य श्रद्धावंताला पन्नास तासांचे शिक्षण देऊन एका वेळी एकाच दुःखित व्यक्तीची सोबत सोपवतात. पुष्कळ प्रेस्बिटेरियन मंडळींनी ती स्वीकारली आणि काही कॅथलिक धर्मग्रामांनीही. अमेरिकेतील मोठ्या प्रेस्बिटेरियन मंडळीत, पाळक न मिळणाऱ्या लहान गावांसाठी, वडिलांना विशेष शिक्षण व परीक्षेनंतर पाळकीय सेवेवर नेमण्याची तरतूदही आहे.

या परंपरेची एक उणीव मात्र फार काळ राहिली. घरोघर जाणे, आजाऱ्यापाशी बसणे, अक्षरे शिकवणे ही कामे स्त्रियांनी अपार केली. कोरियातील 'बायबल-स्त्रियां'वाचून ती मंडळी वाढलीच नसती. पण वडीलपद त्यांना दिले गेले नाही. अमेरिकेत ते १९३० साली, स्कॉटलंडमध्ये १९६६ साली खुले झाले. कोरियाच्या एका प्रमुख मंडळीने तर १९९४ साली निर्णय घेतला.

आपल्या घरातले धन

हे सारे वाचताना आम्हांला आपल्याच घरातल्या ठेव्याची आठवण झाली. गोव्याचे संत जोसेफ वाझ १६८७ साली श्रीलंकेत उतरले, तेव्हा तेथे डच सत्तेने कॅथलिक धर्मगुरूंना बंदी केली होती. एकटा माणूस साऱ्या बेटाला पुरणार कसा? त्यांनी गावोगावी प्रापंचिक पुढारी नेमले. रविवारची प्रार्थना, मुलांचे धर्मशिक्षण, रुग्णांची विचारपूस आणि निकडीच्या वेळी स्नानसंस्कार ही कामे त्यांनी त्यांच्यावर सोपवली. बंदी घालणारे डच स्वतः कॅल्विनच्या परंपरेतले होते. म्हणजे कॅल्विनच्या अनुयायांच्या छळातून तग धरण्यासाठी आपल्या संताने जो उपाय योजला, तो कॅल्विनच्याच वडीलजनांशी मिळताजुळता निघाला! अहमदनगर जिल्ह्यातील खेड्यांत शाळा व प्रार्थना दोन्ही सांभाळणारे 'मास्तर' हेही आपल्याच इतिहासातले आहेत.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली प्रापंचिकांच्या प्रेषितकार्यावर स्वतंत्र आदेश काढला. त्याचा एक संपूर्ण अध्याय त्यांच्या घडणीविषयी आहे. १९८३ च्या धर्मसंहितेने, धर्मगुरूंची उणीव असेल तेथे, दीक्षित नसलेल्यांनाही धर्मग्रामाच्या आध्यात्मिक काळजीत सहभागी करण्याची वाट मोकळी केली. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ साली धर्मशिक्षकाचे सेवापद विधिपूर्वक स्थापन केले. कागदोपत्री आपण मागे नाही. पण जिनिव्हाची चूक आपल्याही हातून घडू शकते. समित्या नेमल्या, नावे फलकावर लागली, पण शिक्षण झाले नाही, तर आपल्याकडेही पदे राहतील आणि मंडपाच्या खुर्च्या मोजण्यापलीकडे काम जाणार नाही. याचा दोष प्रापंचिकांना देऊन भागणार नाही. सोपवणे आम्हां धर्मगुरूंनाच जड जाते, ही कबुली येथे देणे आम्हांला भाग आहे.

गेल्या प्रायश्चित्तकाळापासून आमच्या धर्मग्रामात गुरुवारी रात्री एक लहानसा वर्ग भरतो. पहिल्या रात्री आठ जण आले. तीन पुरुष, पाच स्त्रिया. ते कंडक्टर गृहस्थही होते. आम्ही तयारी करून आलो होतो. रुग्णसेवेचे ईश्वरविद्येतील स्थान यावर आम्ही पाऊण तास बोललो. बोलणे संपल्यावर त्यांनी हात वर केला. "फादर," ते म्हणाले, "आजाऱ्याजवळ बसल्यावर काय बोलायचं नाही, ते आधी सांगा."

आमच्यापाशी तयार उत्तर नव्हते. तेव्हा आम्ही वही मिटली आणि एकेकाला आपला अनुभव सांगावयास सांगितले. एका विधवा भगिनीने, पतीच्या मृत्यूनंतर भेटावयास आलेल्यांच्या कोणत्या शब्दांनी आपल्याला अधिक दुखवले ते सांगितले. त्यांतले एक वाक्य आम्हीच उच्चारलेले होते. त्या रात्री वर्ग साडेदहापर्यंत चालला.